नाव पुसलेली ट्रंक

बाबा, कॉम्प्युटरच्या पडद्यावरची ती बारकी चित्रं काढायला मला तुम्हीच शिकवलंत. कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसातून आलात की जेवणाच्या टेबलावर आलेखाचा कागद पसरायचात, आडवे-उभे बत्तीस चौकोन आखून द्यायचात, आणि त्यात मी आपल्या क्वार्टरमधल्या वस्तू भरायची. फोल्डरच्या जागी भाकरीची दुरडी, घड्याळाच्या जागी आपला कुकर. लोकांनी काढलेली चित्रं फ्लॉपीवर गोळा करायची हावही होतीच. आई नुकतीच गेली होती. नको असलेल्या फाइली टाकायच्या कचऱ्याच्या डब्याचं चित्र मला बघवेना, म्हणून तिथे तिची हिरवी ट्रंक काढली. रिकामी असली की झाकण बंद, भरली की उघडं आणि आत साडीचा काठ. वर शिष्टपणा असा की चित्राखालचं नावही पुसलं. तुम्ही चष्मा काढून माझ्याकडे पाहिलंत.

"ड्रॉइंगवर नाव नसलं की वर्कशॉपमध्ये भलताच पार्ट बनतो. नाव लिही."

ओळखू येतंय ना, मग झालं, असं मी म्हटलं. तेव्हा मी स्वतःला फार शहाणी समजत होते.

मी लग्न होऊन शहरातच, शाहपुऱ्याला गेले, तुम्ही रिटायर झालात. रोज चहा झाला की एका बोटाने आईबद्दल लिहायचात. लिहून पुरं झालं तेव्हा ती फाइल तुम्ही ट्रंकेत नेऊन ठेवलीत. आईचं दुसरीकडे कुठे ठेवणार? रविवारी मी आले, झाकण उघडं दिसलं, आणि सवयीने, कचरा समजून ट्रंक रिकामी केली. आत काय आहे ते पाहिलंसुद्धा नाही.

तुम्ही शोधताय. "अगं, ट्रंकेतच ठेवलं होतं, जपून." मी काय पुसून टाकलं ते मला तेव्हा कळतं. अशोका गार्डन वस्तीतून कॉम्प्युटर दुरुस्तीवाला येतो, बराच वेळ खटपट करतो आणि उठताना म्हणतो, "अंकलजी से कुछ दब गया होगा." मी त्याचे पैसे मोजून देते. तुम्ही खजील होऊन हसता. "असेल बुवा. आमचा हात पेन्सिलीचा."

त्यानंतर तुम्ही कॉम्प्युटरला हात लावला नाहीत. बाबांना मशीनची धास्ती आहे, असं मीही चारचौघांत हसत सांगितलं. त्याची आज लाज वाटते. हा कागद माझ्याच ड्रॉवरमध्ये राहील. पण बाबा, तुमच्या हातून काही दाबलं गेलं नव्हतं. त्यानंतर तुम्ही सहा वर्षं होतात, आणि मी दर रविवारी येत होते.