सात पिढ्यांचं चांगलं रक्त

आबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्यावरचा माझा राग उतरत नाही. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. म्हणू देत. मी बोलणार.

आपलं स्वयंपाकघर आठवतंय? एकच खिडकी, तीही तुम्ही बंद ठेवायला लावायचा. फौंड्रीतून वाळूनं माखून यायचा, चुलीपुढं बसायचा आणि खोकत राहायचा. "गार वारं सोसत न्हाय," म्हणायचा. आई भाकरी थापतेय, मी शेजारी शेंगा फोडतेय, आणि त्या कोंडलेल्या खोलीत तुमचा खोकला. पुढं आईही खोकायला लागली. तिच्या थुंकीत रक्त दिसलं त्या दिवशी तुम्ही तिचं ताट-तांब्या वेगळा काढलात आणि सोप्यात उभं राहून गल्लीला ऐकू जाईल असं ओरडलात, "हिच्या माहेरच्या रगतातच क्षय हाय! हिची आत्ती त्यानंच गेली. आमच्यात सात पिढ्यांत कुणाला झाला न्हाय!" आईनं मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही तिला राधानगरीच्या एसटीत बसवलंत. मला म्हणालात, "रडू नगंस, तुझ्यात माझं रगत हाय." तेव्हा मला बरं वाटलं होतं, आबा. त्याची लाज अजून वाटते. माहेरी तिला धड औषध मिळालं नाही, भावजय गोठ्यालगत झोपवायची. पावसाळा संपायच्या आत ती गेली. तुम्ही मातीलाही गेला नाहीत.

तुमच्यामागं तुमची ट्रंक मीच उपसली. तळाला पेठ वडगावच्या एका डॉक्टरची फाईल. दर सोमवारी बाजाराला म्हणून तिकडंच जात होता ना? क्षयाचा पुरा कोर्स केलात, एक गोळी चुकवली नाहीत. आणि फाईल कधीची, तर आई खोकायला लागली त्याच्या आधीच्या दिवाळीची. म्हणजे तुम्हाला सगळं ठाऊक होतं! तरी खिडकी बंद, आणि वर तिच्या माहेराचा उद्धार. चोर तर चोर, वर शिरजोर.

आता मी, क्षय कुणाला होतो आणि कुणाला का नाही हे रक्तातून शोधणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. कागलच्या एमआयडीसीतले कामगार, राधानगरीकडच्या वाड्यावस्त्या, सगळ्यांच्या रक्ताच्या नळ्या माझ्या हाताखालून जातात. क्षयाचे जंतू कित्येकांच्या अंगात शिरतात, पण बहुतेक जण आजारी पडत नाहीत. त्यात रक्ताचाही वाटा असतो, खोटं कशाला बोलू? आईबापाकडून आलेल्या जनुकांत बारीक फरक असतात. काही जंतूला अडवतात, काही वाट देतात, आणि एका मुलखातल्या लोकांत सापडलेला फरक दुसऱ्या मुलखात सापडेलच असं नाही. पण असे फरक पुष्कळ, आणि एकेकाचं वजन चिमूटभर. फौंड्रीची धूळ, अर्धं पोट, बंद खोली ह्यांच्यापुढं ते काहीच नाही. आणि मुळात जंतू घरात आला पाहिजे की! तो आणला कुणी? तुमचं ते सात पिढ्यांचं चांगलं रक्त मला अजून एकाही नळीत दिसलेलं नाही.

गेल्या महिन्यात तुमच्या नातवासाठी मुलगी बघायला गेलो. बघायला कसलं, दोघांनी एकमेकांना आधीच पसंत केलेलं. चहा झाल्यावर तिच्या वडलांनी आपणहून सांगितलं, "पावणं, मला टीबी झालता. कोर्स केला, बरा झालो. लपवून सोयरीक करायची न्हाय आमाला." इतका सरळ माणूस. मी हसून मान हलवली आणि घरी येऊन नकार कळवला. पोरगा म्हणाला, "मम्मी, बऱ्या झालेल्या माणसाला भिऊ नका म्हणून तूच लोकांना सांगतीस की!" मी म्हटलं, "लोकांचं येगळं. घरात कशाला घ्यायचं ते?" तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही.

हे पत्र मी आजच फाडणार आहे. पोराच्या हाती लागायला नको. त्या दिवशी मुलीच्या आईनं मायेनं विचारलं होतं, "तुमच्या आई कशानं गेल्या वो?"

मी सांगितलं, काविळीनं.