लोकरीने मोजलेली केबल

ती. दाजी यांस,

छपरावरून आत्ताच उतरलोय, हात काळे आहेत, तरी दोन्ही जोडून नमस्कार. तुमची पाठ कशी आहे? ताईचा खोकला? (तिने माझी चौकशी केली, तर मी शहाण्यासारखा वागतोय असं सांगा.) आई मजेत. निळा स्वेटर विणतेय, एक बाही झाली होती. कोणासाठी ते सांगत नाही, पण तिला जावई एकच, तेव्हा विचारायची गरजच नाही.

समोर मोठी इमारत उठली आणि आमच्या टीव्हीवर मुंग्या आल्या. अँटेना छपराच्या दुसऱ्या टोकाला न्यायचं ठरलं, म्हणजे केबल लांब हवी. किती लांब? शिवणाची टेप पहिल्या कोपऱ्यातच संपली. मग आईची लोकर घेतली आणि अँटेनाच्या खांबापासून छज्जा, खिडकी करत टीव्हीपर्यंत ताणून नेली. गोळा मध्येच संपला. अर्धवट मोजून कुणाचं भलं झालंय? बाही उसवली.

दुकानदार (आम्ही त्याला मास्तर म्हणतो, आधी शिकवतो आणि मग विकतो) म्हणाला, बारीक केबल वाटेत सिग्नल खाते, जाड कमी खाते. मला राहवेना. खाल्लेलं चित्र जातं कुठे? बातम्या देणारीचं नाक आमच्या भिंतीत अडकून राहतं का? मास्तरने काउंटरवर लोकर पसरली आणि तेवढी जाड केबल कापली. घरी आलो, तर ती खिडकीशीच संपली. ताणलेली लोकर सोडली की आखडते, हे मला सोडून सगळ्या जगाला माहीत होतं.

मग तुकडा आणून जोडायला बसलो. केबल सोलली. बाहेर काळं साल, आत तारांची जाळी, मग पांढरा गर आणि अगदी मध्ये तांब्याची एकच तार. एवढा बंदोबस्त कशाला, म्हणून सगळं एकत्र पिळून पाहिलं. टीव्हीवर मुंग्यासुद्धा उरल्या नाहीत. पुन्हा दुकान गाठलं. "अहो, जाळी मधल्या तारेला टेकली की कारभार आटोपला," मास्तर म्हणाला आणि त्याने स्क्रूचा जोड दिला. आता चित्र लख्ख आहे. वाऱ्याने हलू नये म्हणून केबल खांबाला पक्की बांधलीय (लोकरीने, ती आता विणण्याच्या कामाची राहिली नव्हती).

तुमचा,
अँटेनावाला मेहुणा

ता.क. आई बाही शोधतेय. मी मांजराकडे बोट दाखवलंय. तेवढं तिला फोन करून सांगा, की तुम्हाला बिनबाह्यांचाच स्वेटर आवडतो. जावयाचा शब्द ती मोडत नाही.

ता.क. २ (हे अक्षर आईचं) जावईबापू, शहाण्याने पत्र पेटीत टाकायला माझ्याकडेच दिलं. खांबावरची लोकर अंगणातून दिसते. तुमचा स्वेटर केव्हाच झालाय, तपकिरी, दोन्ही बाह्यांचा, पार्सलने पाठवते. निळा ह्याचाच होता. दर थंडीत छपरावर चढतो आणि सर्दी घेऊन उतरतो, म्हणून घेतला होता विणायला. एवढ्यात सांगू नका त्याला. मांजराला किती दिवस बोल लावतो, ते बघायचंय.