न्यायला कोण येतंय?

आई,

तुझ्या शाळेचं एक काम गेले काही महिने माझ्याकडे आहे. शाळा आपल्या दोघींची, पण मला ती अजून तुझीच वाटते. मी दहावी होऊन निघून गेले आणि तू अंथरुणाला खिळेपर्यंत तिथे खिचडी शिजवत राहिलीस. काम मोबाईलचं आहे. तू गेलीस तेव्हा आपल्या वाडीत एकच मोबाईल होता, तोही बटणांचा, दुकानदाराच्या खिशात. आता घरोघरी काचेचे फोन आले आहेत आणि त्यात निरनिराळ्या कामांसाठी निरनिराळी अ‍ॅप असतात. तसलं एक अ‍ॅप मी शाळेसाठी बनवलं. रत्नागिरीत एसटी स्टँडच्या मागे, एका छापखान्याच्या वर माझी खोली आहे. खालून यंत्राचा धडधडाट येतो, खिडकीतून मासळीचा वास येतो आणि मी दिवसभर पडद्यावर डोळे लावून बसलेली असते. तू पाहिलं असतंस तर म्हणाली असतीस, ही बसून बसून थकते कशी.

पाचवीतला माझा पहिला दिवस आठवतो. शाळेच्या मागची ती पत्र्याची खोली, आत धूर, चुलीवर भला मोठा टोप आणि तू पदर खोचून उभी. मी ताटली घेऊन रांग सोडून थेट तुझ्याकडे धावले. "आई, मला आधी." तू वरसुद्धा बघितलं नाहीस. "इथं मी सगळ्यांची मावशी. रांगेत उभी ऱ्हा." मुली हसल्या. माझा नंबर आला तेव्हा सगळ्यांना घातलीस तेवढीच खिचडी मला घातलीस. संध्याकाळी घरी तू निखाऱ्यावर एक सुका बांगडा भाजलास आणि अख्खा माझ्या भातावर ठेवलास.

पण या कामाच्या मुळाशी आहे तो सातवीतला पावसाचा दिवस. सकाळी साधी रिपरिप होती. दुपारी असं भरून आलं की वर्गात फळा दिसेना. मुलं वेळेत घरी पोचावीत म्हणून सरांनी शाळा लवकर सोडली. आपली आणि पलीकडची वाडी पऱ्याच्या त्या बाजूला, आणि त्या ओढ्यावर पूल म्हणून सुपारीच्या खोडांचा साकव. तू टोप घासायला पऱ्यावर गेली होतीस. तशीच धावत आलीस, हाताला राख, अंगावरचं लुगडं चिंब. घंटा झालेली आहे, आम्ही दप्तरं डोक्यावर घेऊन निघालेलो आहोत आणि तू फाटकात आडवी उभी आहेस.

"सर, साकवावरनं पाणी जातंय. पलीकडची पोरां सोडू नका."

"मावशी, आता थांबवली तर त्यांचे आईबाप मला विचारतील."

"विचारूंदेत. पोर समोर दिसलं म्हणजे झाला."

सर फाटकातून बाजूला झाले. तू आम्हा सगळ्यांना स्वयंपाकाच्या खोलीत घेतलंस, चूल परत पेटवलीस, उरलेल्या तांदळाची पेज केलीस. थोड्या वेळाने सरही आत आले, धोतर सावरून जमिनीवर बसले आणि वाट्या भरायला लागले. लांबच्या पुलावरून वळसा घालून एकेक माणूस येत होतं. प्रत्येकाला दारातच तुझा प्रश्न, "कोणाला न्यायला आलाव?" त्याने नाव सांगायचं, पोराने त्याला ओळखायचं, मग तू हात हातात द्यायचीस. सगळी गेल्यावर आपण दोघी त्याच वळशाने घरी आलो. सकाळी साकव जागेवर नव्हता.

आता तिथे सिमेंटचा साकव आहे, पण कठडे नाहीत आणि आषाढात पाणी अजून वरून जातं. गेल्या पावसाळ्यात शाळा लवकर सुटल्याचा निरोप पालकांच्या ग्रुपवर टाकला होता. वाढदिवसांच्या आणि सुप्रभाताच्या चित्रांखाली तो बुडून गेला. काही मुलं एकटीच निघाली. एकाची चप्पल वाहिली आणि तो तिच्यामागे वाकला. शेतावर चाललेल्या एका काकांनी त्याला दंडाला धरून ओढलं म्हणून तो वाचला. त्याच आठवड्यात मुख्याध्यापिकेचा मला फोन आला. ती माझ्या मागच्या वर्गातली, तुझ्या हातचं जेवलेली. म्हणाली, "ताई, तू हेच काम करतेस ना? आम्हाला काहीतरी कर. निरोप गेला की नाही ते मला कळायला हवं." मी त्याच क्षणी हो म्हटलं. या कामातून मागे यायचं नाही हेही तेव्हाच ठरलं.

मला काय बनवायचं होतं ते साधं होतं. शाळेने निरोप पाठवला की पालकाच्या फोनवर वाजावं, उघडताच प्रश्न दिसावा, न्यायला कोण येतंय, आणि खाली मोठी बटणं: आई, बाबा, दुसरं कोणी. उत्तर आल्याशिवाय पलीकडची मुलं शाळेतून हलणार नाहीत. मुंबईला असलेल्या बापाकडे वेगळ्या जातीचा महागडा फोन असला तरी त्यातही हेच चालावं, म्हणून एकदाच लिहून दोन्ही प्रकारच्या फोनांत चालेल अशा पद्धतीने बांधलं.

अडचण सुरू झाली ती पहिल्या चित्रावरून. अ‍ॅपवर बोट ठेवल्यापासून ते पुरतं जागं होईपर्यंत फोनवर जे चित्र दिसतं, त्याला आम्ही स्प्लॅश स्क्रीन म्हणतो. संस्थेच्या अध्यक्षांची इच्छा होती की आधी संस्थेचं बोधचिन्ह गोल फिरत यावं, मग त्यांच्या वडिलांचा फोटो उमलावा. वडिलांनी शाळेच्या भिंतींना स्वतःच्या जागेतला जांभ्याचा चिरा दिलेला, त्यांच्या मनात ते असणं साहजिक होतं. मी करून दिलं. सभेत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

दोन दिवसांनी पलीकडच्या वाडीतल्या एका बाईचा फोन. नवरा लोट्याला एमआयडीसीतल्या कंपनीत शिफ्टला, घरी ती, म्हातारी सासू आणि पाचवीतली मुलगी. "ताई, माझ्यात नुसता पांढरा येतो नि बंद होतो."

मी लॅपटॉप घेऊन तिच्याकडे गेले, पडवीत बसले आणि तिचा तडा गेलेला फोन वायरने जोडला. लॅपटॉपच्या पडद्यावर चुकांच्या लाल ओळी धो धो वाहायला लागल्या. आई, असलं अ‍ॅप कोणी एकटं लिहीत नाही. दुसऱ्यांनी लिहून ठेवलेले तुकडे आणून आपल्या कामात बसवायचे असतात, एक निरोप वाजवणारा, एक चित्र फिरवणारा. त्यांना डिपेंडन्सी म्हणतात. ते तुकडेही पुन्हा आणखी कुठल्या तुकड्यावर उभे असतात. चित्र फिरवणाऱ्याला खालचा एक तुकडा जुना लागत होता आणि निरोपवाल्याला तोच नवा. नव्या फोनांत दोघांचं कसंबसं जमत होतं. हिच्या जुन्या फोनात पहिल्या चित्रालाच सगळं कोसळत होतं.

मी दोघांनाही राखायचा प्रयत्न केला. ही आवृत्ती घाल, ती काढ, सगळं पुसून पुन्हा बांध. दर वेळी परत वाडीवर जाऊन तिच्या फोनवर पाहायचं आणि दर वेळी पांढरं. तिची सासू आतून विचारायची, "काय गो, लागला काय?" पुण्याला माझ्याबरोबर काम करणारी मैत्रीण फोनवर म्हणाली, "जुने फोन सोडून दे, सगळे तेच करतात." मी म्हटलं, "साकवापलीकडे सगळे जुनेच फोन आहेत." ती म्हणाली, मग चित्र सोड.

अध्यक्षांकडे गेले तेव्हा ते बागेत कलमांना खत घालून घेत होते. मी सांगितलं, फिरणारं चिन्ह आणि फोटो काढावा लागेल.

"काढायचं कशाला? दुरुस्त करता येत नाही का तुला?"

"येईल कदाचित, पुढच्या वर्षापर्यंत. पाऊस या वर्षीचा आहे."

"दोन-तीन फोन चालत नाहीत म्हणून वडिलांचा फोटो काढू?"

"साहेब, त्या फोनांच्या घरची मुलंच पऱ्या ओलांडतात. बाकीच्यांना हे अ‍ॅप नसलं तरी चालेल."

गड्याच्या हातची पाटी घेऊन ते स्वतःच खत घालायला लागले. पाटीतलं खत संपलं तसे हात झटकत म्हणाले, "फोटो आत कुठेतरी ठेव. इतिहासाच्या पानावर." मी ठेवला, नीट, मोठा. पहिल्या चित्रात आता साधा पांढरा रंग आणि मधोमध बोधचिन्हातला दिवा एवढंच आहे. पूर्ण चिन्ह ठेवता आलं नाही, कारण नवे फोन पहिलं चित्र गोल कापून दाखवतात आणि संस्थेच्या नावाची टोकं उडत होती. चित्र फिरवणारा तुकडा मी मुळासकट काढला. राहिलेल्या प्रत्येकाची आवृत्ती नेमकी लिहून बांधून टाकली, म्हणजे कोणी परस्पर बदलणार नाही. मग परत त्या पडवीत गेले. तिने फोनवर बोट ठेवलं. दिवा दिसला न दिसला तोच शाळेचं पान उघडलं. ती एवढंच म्हणाली, "येवढा पटकन?" सासूने आतून चहा पाठवला.

गेल्या आठवड्यात तो दिवस आला. दुपारी अंधारून आलं आणि मुख्याध्यापिकेने निरोप सोडला. मी खोलीत बसून बघत होते. आधी काहीच नाही. मग एक उत्तर, मग दोन, मग एकदम पागोळ्या लागाव्यात तशी. आई. बाबा. दुसरं कोणी. आई. आई. पडवीतल्या बाईचंही आलं. काही घरांना रेंज नव्हती, त्यांची नावं लाल राहिली. त्यांच्यापैकी ज्यांच्या शेजाऱ्यांना फोन लागला त्यांना मुख्याध्यापिकेने निरोप दिला, एका घरी शिपायाला वळशाने पाठवलं. मुलं व्हरांड्यात बसून राहिली आणि मोठी माणसं येऊन एकेकाला घेऊन गेली. पाणी साकवावरून गेलं. त्यावर कोणी पाऊल टाकलं नाही.

हे पत्र जाणार कुठे, ते माझ्या लॅपटॉपमध्येच राहील. म्हणून एक गोष्ट तुलाच सांगते, बाकी कोणाला सांगितलेली नाही. पडद्यावर शेवटची काही नावं लाल असताना मला बसवेना. सगळं बरोबर चाललं होतं, माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं, आणि तरी मी रेनकोट चढवला, स्कूटर काढली आणि तेवढ्या पावसात शाळेत गेले. पोचले तेव्हा व्हरांडा रिकामा होता. मुख्याध्यापिका कुलूप लावत होती. मला नखशिखांत भिजलेली बघून म्हणाली, "अगं, सगळी पोचली घरी. तू कशाला आलीस?" मी म्हटलं, इकडे जरा काम होतं. पुढच्या वेळी पाऊस असा लागला तर बहुतेक मी पुन्हा जाईन.