पहिल्याच काचेत

३ जून
चष्म्याच्या दुकानात आज गर्दी. माझा हात असा बसलाय की फ्रेममध्ये पहिली काच घातली, वीतभर अंतरावरून वाकून बघितलं, की गिऱ्हाईक लगेच म्हणतं, "दिसतं, दिसतं." मालकांची भाचीही डोळे तपासते, ती एकेकाला अर्धा तास घोळवते. छातीत जळजळ. दुपारचं तळकट बाधलं असणार.

५ जून
डॉक्टर म्हणाले, पोटातलं आम्ल घशाशी येतं, तोंडाला वास त्याचाच. रात्री लवकर जेवा, चहा-तळकट बंद, पुदिन्याच्या गोळ्या नकोत, कॉटच्या उशाकडच्या पायांखाली विटा लावा. उद्यापासून सगळं कडक. येताना पुदिन्याच्या गोळ्या घेतल्या. पुदिन्याने कोणी मेलंय का.

९ जून, रविवार
विटा आणायच्या होत्या. ऊन फार. बायको हल्ली बाहेरच्या खोलीत झोपते. तिकडचा पंखा बरा म्हणे. दोन्ही पंखे एकदमच घेतले होते. असो.

१४ जून
मालकांनी बोलावलं. माझे चष्मे परत येतात, पुन्हा असं झालं तर दुसरीकडे बघा, म्हणाले. मी सांगितलं, लोकांना नाचता येईना अंगण वाकडं. सगळं बोलणं त्यांनी दाराकडे तोंड करून केलं. भिडस्त माणूस.

१७ जून
आईला दुकानात नेलं. मुद्दाम जवळ बसून तपासलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मुलाचं काम पहिल्यांदाच बघत होती बिचारी. पहिल्याच काचेला "दिसतं रे" म्हणाली. आता मालकांना दाखवतो.

२५ जून
नवा चष्मा घालून आई जिना उतरत होती. पडली. खुब्याचं हाड मोडलं. शेवटची पायरी दिसलीच नाही म्हणते. जिन्यातला दिवा मिणमिणता आहे, घरमालकाला कितीदा सांगितलं.

२८ जून
मालकांची भाची इस्पितळात आली, आईचे डोळे पुन्हा तपासले. बराच वेळ लागला. दोन्ही डोळ्यांचा नंबर चुकलेला. मी चहा घेऊन पडद्यामागे होतो. आई तिला म्हणाली, त्याच्या तोंडाला वास येतो गं, पोराला सांगायचं कसं, श्वास धरवेना म्हणून दिसतं म्हटलं. चहा मीच प्यालो.

१ जुलै
नोकरी गेली. मालकांनी फोनवरच सांगितलं. फोनवर ते चांगलं मोकळं बोलतात.

४ जुलै
विटा आणल्या, कॉटखाली लावल्या. बायकोला बोलावून दाखवल्या. बरं केलंत म्हणाली आणि उशी घेऊन बाहेर गेली.

आई आता चालेल असं डॉक्टरांना वाटत नाही. भाचीने नवा चष्मा करून दिला. संध्याकाळी मी खुर्ची मागे ओढून आईच्या पायांशी बसलो. इथून दिसतो का, विचारलं. अगदी स्वच्छ दिसतोस, म्हणाली. जवळ ये म्हणाली नाही.