बटणांची पट्टी

ता. ४ मार्च

चि. भावजींस अ. आ.,

औषधांच्या दुकानात बसून तुमचा रंग उजळला असेल. इथे माझ्या पायाचा अंगठा टोमॅटो झालाय. तुमच्या दुकानाशेजारच्या डॉक्टरीणबाईंनी युरिक ॲसिडची गोळी सुरू केली आणि दुखणं उलट वाढलं! शिलाई मशीनचं पायडल दाबलं की जीव जातो. गणवेश तसेच पडलेत. तुमच्या दादांनी घेतलेलं मशीन विकून टाक, असं लेक म्हणते.

गोळ्यांची नोंद ठेवा म्हणालात. मला लिहायचा कंटाळा, म्हणून पट्टीवर बटणं शिवली. गोळी घेतली की पांढरं, अंगठा ठणकला की लाल. पट्टी सोबत पाठवतेय, बाईंना दाखवा. रोज गोळी घेते असं मी त्यांना सांगितलंय, आणि रक्तातला आकडा उतरत नाही म्हणून त्या डोस वाढवणार आहेत.

लोभ आहे तेवढा राहू द्या.
तुमची लंगडी वहिनी

ता. ११ मार्च

ती. वहिनीस सा. न. वि. वि.,

नमस्कार डाव्या पायालाच, उजवा दुखतो ना!

बाईंनी पट्टीवरून बोट फिरवलं आणि थांबल्या. लाल आहे तिथे पांढरं नाहीच. दुखलं की वहिनी गोळी बंद करतात का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हणून टाकलं. त्या म्हणाल्या, सुरुवातीला साठलेलं ॲसिड निघताना दुखणं उसळतं, तरी गोळी सोडायची नाही. डोस आत्ता वाढवणार नाहीत. आधी महिनाभर हीच गोळी रोज, सोबत दुखण्याची छोटी गोळी. मग रक्त तपासून, लागला तर डोस थोडा थोडा वाढवायचा, आकडा सहाच्या खाली येईपर्यंत. मशीन विकू नका.

लबाडी केलीत म्हणून लोभ बोटभर कमी केलाय.
तुमचा धाकटा दीर

ता. २० ऑगस्ट

चि. भावजींस भरभरून आ.,

डोस दोनदा वाढला, दर वेळी रक्त तपासून. आकडा साडेपाच! ॲसिड तुमच्यासारखंच निघालं, जाताना दारं आपटणारं. मला वाटलं गोळीच वैरीण. तुम्ही पट्टी नेली नसती तर मी अजून खोटंच बोलत बसले असते. बाईंना माझा नमस्कार सांगा. तुमचे उपकार मात्र तोंडावर कबूल करणार नाही, डोक्यावर बसाल.

गणवेश गेले. लेक आता मशीनला तेल घालते.

सोबत शर्ट पाठवते, उजव्या पायानं शिवलेला. पोट सुटलंय तुमचं, म्हणून कापड जास्त सोडलंय. तुम्ही परत पाठवलेल्या पट्टीची पांढरी बटणं उसवून त्यालाच लावलीत. गळ्याशी मात्र एक लाल आहे. कुणी विचारलं तर सांगा, वहिनी इथे पकडली गेली.

बोटभर कापलेला लोभ परत जोडा.
तुमची वहिनी