ऐकायचं, खायचं, खुर्च्या रचायच्या

मुलींचं वसतिगृह,
ता. ८ सप्टेंबर

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

मी नीट जेवते का, असं तू एकाच पत्रात दोनदा विचारलंस. इतकी वर्षं नर्सचं काम केलेल्या बाईशी खोटं बोलून उपयोग नाही. खरं सांगते, पण बाबांच्या कानावर जाऊ देऊ नकोस. शिष्यवृत्तीत फी आणि खोली आहे, जेवण नाही. बाबांना मी जेवणही त्यातच आहे असं सांगून आले, नाहीतर त्यांनी मला पाठवलंच नसतं. पोरगी उपाशी राहते असं कळलं तर पहिल्या गाडीने घरी आणीन, असं त्यांनी निघताना बजावलं होतं. आणि बाबा बोलतात तसं करतात.

पण मी उपाशी नाही, आणि ते माझ्या खोलीतल्या मैत्रिणीमुळे. तिला सगळे घार म्हणतात. कॉलेजात कुठेही खाण्याच्या ताटलीवरचं झाकण निघालं की हिला दिसतं. पहिल्या आठवड्यात माझ्या पोटात कावळे ओरडत होते आणि मी पाणी पिऊन अभ्यास करत होते. तिने काही न विचारता माझ्या चपला माझ्यापुढे सरकवल्या आणि मला घेऊन निघाली.

कोणत्या विभागात कधी पाहुणे व्याख्याते येतात आणि नंतर चहाबरोबर काय मिळतं, हे तिला तोंडपाठ आहे. भूगर्भशास्त्रवाले नुसत्या बिस्किटांवर भागवतात. कायद्याची मुलं भांडण्यात इतकी रंगतात की त्यांचा पाव उरतो. प्रबंधाची तोंडी परीक्षा झाली की पास झालेला केक वाटतो आणि स्वतः रडत बसतो.

घारीचा नियम मात्र कडक आहे. आयत्या बिळावरचा नागोबा व्हायचं नाही. ज्यांचं खायचं त्यांचं आधी शेवटपर्यंत ऐकायचं, एक तरी प्रश्न विचारायचा, आणि खाऊन झालं की सभागृहातल्या खुर्च्या रचून ठेवायच्या. परवा मधमाश्यांवर बोलायला एक बाई आल्या होत्या. राणीमाशीला कंटाळा येत नाही का, असं मी विचारलं. सगळे हसले, पण बाई हसल्या नाहीत. त्या बराच वेळ उत्तर देत राहिल्या आणि जाताना उरलेली उकडलेली अंडी आम्हाला बांधून दिली.

आत्या, अशी मुलगी मी पाहिली नाही. तीही माझ्याइतकीच भुकेली असते, पण ताटलीपाशी कुणी नवी, लाजरी मुलगी घुटमळताना दिसली की आधी तिला पुढे करते.

लोभ आहेच, तो तोंड मिटून करावा ही विनंती.

तुझी,
ठमी


ता. १५ सप्टेंबर

चि. ठमीस,
अ. आ.

तुझं पत्र वॉर्डात चहाच्या सुट्टीत वाचलं. आधी राग आला, मग डोळ्यांत पाणी आलं, आणि राणीमाशीपाशी इतकी हसले की पेशंट उठून बसले. खाल्ल्या मिठाला जागणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण खायच्या आधीच जागणाऱ्या तुम्ही दोघीच. त्या घारीला माझे आशीर्वाद सांग. मला तिचं फार कौतुक वाटलं, आणि तुझं त्याहून जास्त.

बिस्किटांवर दिवस काढू नकोस. अंडी आणि केळी दिसली तर लाज गुंडाळून ठेव. दादाला मी एक अक्षर बोलणार नाही, निर्धास्त राहा.

आहे तो लोभ जपून ठेव.

तुझी,
आत्या


ता. २३ सप्टेंबर

चि. ठमीस,
अ. आ.

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे तू ध्यानात ठेवायला हवं होतंस. काल दादाच्या दुकानात गेले होते. तो खुर्चीला नवं कापड ठोकत होता आणि एक गिऱ्हाईक आपल्या मुलाच्या बढाया मारत होतं. मला राहवलं नाही. आमची ठमी काय करते ते ऐका, म्हणून मी सगळं कौतुकाने सांगून टाकलं, अगदी घारीच्या नियमासकट.

दादाने तोंडात धरलेले खिळे काढून हातात घेतले. माझी मुलगी परक्यांच्या दारी जेवते आणि तू ते मिरवतेस, असं म्हणाला आणि दुकान बंद करून गेला. त्याला त्यातली फक्त भूक ऐकू आली. शुक्रवारी तो तुला न्यायला येतोय. त्याच्याशी भांडू नकोस, पण पेटीही भरू नकोस.

रागावलीस तरी लोभ तोडू नकोस.

तुझी,
आत्या


ता. २८ सप्टेंबर

चि. धाकटीस,
अ. आ.

काल परत आलो. किती रागाने गेलो होतो ते तुला माहीतच आहे. ठमी सभागृहात असल्याचं कळलं म्हणून मागच्या दाराने आत शिरलो. एक म्हातारे गृहस्थ जुन्या पुलांविषयी बोलत होते. मधूनच तिला उठवणं बरं दिसेना, म्हणून शेवटच्या रांगेत बसलो.

मग ठमी उभी राहिली. दुकानात गिऱ्हाईक आलं की सोफ्यामागे लपणारी आपली ठमी. पूल पडण्याआधी काही इशारा देतो का, असं तिने भरल्या सभेत विचारलं. त्या गृहस्थांनी चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं, आणि पुढचं सगळं तिलाच सांगितल्यासारखं सांगितलं. मला निम्मं कळलं नाही, पण ऊर भरून आला.

नंतर मला पाहून तिचा चेहरा पांढरा पडला. तेवढ्यात ती घार आली. हडकुळी पोर, आवाज मात्र हेडमास्तरांचा. शेवटपर्यंत ऐकलंत का, असं तिने मला विचारलं. हो म्हटलं. प्रश्न विचारलात का? नाही म्हटलं. मग तुम्हाला खुर्च्या जास्त रचाव्या लागतील, असं सांगून तिने माझ्या हातात ताटली दिली. आणि मी ती घेतलीही.

पोरं खुर्च्या अशा आदळत होती की बघवेना. ताटली बाजूला ठेवली, कोट काढला आणि कशा रचायच्या ते दाखवलं. ठमीने दुसरी बाजू धरली. खोटं बोलल्याबद्दल हवं तेवढं ओरडा पण नेऊ नका, असं ती हळूच म्हणाली. काम थांबवलं नाही तिने. मग आम्ही तिघांनी पायरीवर बसून पाव खाल्ला. न बोलावता मी कुणाकडे पाणीही पीत नाही, पण तो पाव मला कष्टाचा वाटला. तुझ्यावर उगाच चिडलो.

तिच्या जेवणाची सोय मी करून आलोय. व्याख्यानं मात्र सोडणार नाही, असं तिने सांगितलं. मीही आग्रह केला नाही.

परतीची दोन तिकिटं काढून नेली होती. गाडीत माझ्या शेजारची जागा रिकामी पाहून एका बाईंनी विचारलं, की इथे कुणी येणार आहे का. मुलगी येणार होती, पण तिला तिकडे काम आहे, असं मी सांगितलं आणि त्यांना बसवून घेतलं. मग त्या उतरेपर्यंत मी त्यांना ठमीबद्दलच सांगत होतो.

तोंड आवरलं नाहीस तरी लोभ आहेच.

तुझा,
दादा