भरतीची वेळ आणि माझी बॅटरीगाडी

१४ ऑक्टोबर १९९०, रविवार
आखातात भांडण, इथे पेट्रोल महाग. जगाला उपाय सापडत नाही. मला आज दुपारी आंघोळ करताना सापडला.
कंपनीच्या भंगारात माल उचलायची जुनी बॅटरीगाडी निघाली होती. तिची मोटर मी आणून ठेवलीच आहे. घरमालक तात्यांची इंजिन गेलेली फियाट आवारात पडून आहे, ने म्हणतात. हिची मोटर तिच्यात. ट्रकच्या बॅटऱ्या डिकीत. झाली इलेक्ट्रिक कार. धूर नाही, वास नाही, भडका उडायची भीती नाही.
संकल्प: दिवाळीला गाडी रस्त्यावर.
पुष्पलता म्हणाली, आधी स्वयंपाकघरातलं बटण बसवा. इलेक्ट्रिकल फोरमनला बटण सांगते. बायको म्हणून चांगली आहे, पण दृष्टी नाही.

१८ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन
दिवाळी आली. गाडी आली नाही. यंदा दिवाळी जरा लवकरच आली.

४ नोव्हेंबर, रविवार
चालली. सालवडहून बोईसर नाक्यापर्यंत आणि परत. आवाज अजिबात नाही. रेंज चाळीस किलोमीटर. (मोजलेली सहा. उरलेली चौतीस हिशेबाने.)
पॅन्टला चार भोकं. ॲसिड. पेट्रोल असतं तर अख्खी पॅन्ट पेटली असती, इथे नुसती भोकं पडली. सेफ्टीतला फरक म्हणतात तो हा. हिला समजावून सांगितला. पॅन्ट नवी होती, एवढंच तिला समजलं.

५ नोव्हेंबर, सोमवार, रात्री
सुट्टी टाकून सातपाटीला थोरल्या बहिणीकडे, जमनाआक्काकडे. वडील गेल्यावर हिनेच डोक्यावर पाटी घेऊन पालघरला मासळी विकली आणि मला आयटीआयपर्यंत शिकवलं. आता गुडघे दुखतात म्हणून कमलाकांतच्या टेंपोतून जाते. दहा बायका, वीस पाट्या, आणि आक्काच्या पायाशी पेट्रोलचा डबा. मला बघवत नाही.
सांगितलं, टेंपोतली जागा सोड. रोज सकाळी साडेसहाला बंदरावर माझी गाडी. तुला पालघरला सोडीन आणि आठच्या भोंग्याला कंपनीत.
आक्का म्हणाली, टेंपोत एकेकीची जागा ठरलेली हाय. सोडली तर पुढची बसल, परत गावायची नाय.
म्हटलं, परत लागणारच नाही.
म्हणाली, रोज साडेसहालाच येशील?
म्हटलं, घड्याळ लावून घे.
माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, बरं. भारावली असावी.

१० नोव्हेंबर, शनिवार
आजचा दिवस लिहून ठेवण्यासारखा. सहाला बोटी खाडीत. साडेसहाला दोन पाट्या डिकीत, बॅटऱ्यांच्या वर. पुढे आक्का, मागे तिची मैत्रीण आनंदी. गाडी लोण्यातून सुरी जावी तशी निघाली.
एक लहान अडचण. आवाज नसल्याने रस्त्यातली माणसं हटत नाहीत. हॉर्न बसवायचा राहिला आहे. शेवटी आक्काने खिडकीतून डोकं काढून बाजारातल्या आवाजात हाक मारली. बैलगाडीसुद्धा बाजूला झाली. पेट्रोलच्या कुठल्याच गाडीला असा हॉर्न नाही.
सात वाजून पाच मिनिटांनी पालघर. कमलाकांतचा टेंपो नंतर आला, खोकत. आक्काने त्याला तिथेच सांगून टाकलं, माजी जागा नवशीला दे. नवसी म्हणजे जागेसाठी थांबलेली पुढची बाई, ती लगेच टेंपोत चढून त्या जागेवर बसून बघून आली.
एका बाईने विचारलं, गाडी कोनाची गं? आक्का म्हणाली, माज्या भावाची. मी टायर बघत होतो. टायर ठीक होता, पण मला तिथेच बघावंसं वाटलं.

११ नोव्हेंबर
बोटी पावणेसातला. आळस. रविवार म्हणून सोडून दिलं.

१२ नोव्हेंबर
साडेसात. कंपनीत दीड तास उशिरा. टाइमकीपर पुंजारामने कार्डाकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा कार्डाकडे. म्हटलं, प्रयोग चालू आहे. म्हणाला, लाल शाईत लिहू का प्रयोग?

१३ नोव्हेंबर, मंगळवार
सव्वाआठ! आज बंदरावर बोटीच्या तांडेलाला गाठून सरळ सांगितलं, बोटी ठरल्या वेळेला आणत जा, माणसं खोळंबतात. म्हणाला, सायेब, आमी बाहेर उभेच हाव, दर्याला तेवढं सांगा.
सगळे हसले. आक्का हसली नाही. बाजूला घेऊन म्हणाली, रामू, खाडीत गाळ हाय. भरती आल्याबिगर बोटी आत येत नाय. तितीची पाऊणकी कर, आकड्याला पाऊणनं गुन. अष्टमीला सहा. आज एकादशी, सव्वाआठ. रोज पाऊण तास पुढं. इसरलास?
विसरलो होतो. वडिलांनी ही पाऊणकी मला पाटीवर अक्षर काढायच्या आधी शिकवली होती. मी कोळ्याचा पोर. पुष्पलतेला मी विसरल्याचं सांगितलेलं नाही. ती आतल्या गावची, शेतकऱ्यांतली. हसेल.

१४ नोव्हेंबर
नवीन टाइमटेबल तयार. तिथीप्रमाणे. पंधरा दिवसांपैकी चार दिवस माझ्या शिफ्टमध्ये बसतात. उरलेल्या अकरा दिवसांचं बघू. योजनेत थोडी लवचीकता हवीच. आज अर्धी रजा.

१५ नोव्हेंबर
अर्धी रजा. कारण: पोटदुखी. फोरमनच्या पोटाची चौकशी थेट मॅनेजरने केली.

१६ नोव्हेंबर, शुक्रवार
पूर्ण रजा. शुक्रवार म्हणजे दिवसभर लाईट नाही, हे चार्जिंगच्या वेळी लक्षात आलं. संध्याकाळी आली, रात्री परत गेली. बॅटरी अर्धी भरली. अर्धी म्हणजे वीस किलोमीटर. सातपाटी ते पालघर नऊच. भरपूर आहे.

१७ नोव्हेंबर, शनिवार, अमावस्या
सालवडहून आधी सातपाटीला जावं लागतं, हे अंतर काल हिशेबात धरलं नव्हतं.
आज मोठी भरती, सव्वाअकराला बोटी, आणि सरंगे, म्हणजे मोठे पापलेट, असे की बघत राहावं. आक्काने पालघरच्या खानावळीला दीडपर्यंत चार पाट्या कबूल केल्या होत्या. बारा वर्षांचं गिऱ्हाईक. चारही पाट्या चढवल्या, वर बर्फ. गाडी खाली बसली. आनंदी म्हणाली, मी चालत येते.
शिरगावात चिंचेखाली गाडी थांबली. आवाज न करता. बंद पडतानाही पेट्रोलच्या गाडीसारखा धडधडाट नाही, हे मी आक्काला सांगितलं. सांगायला नको होतं.
डिकी उघडली. बर्फाचं खारट पाणी बॅटऱ्यांवर. चर्र आवाज आणि नाकाला झोंबणारा वास. भडका उडाला नाही. फक्त धूर.
कमलाकांतचा टेंपो आला. भरलेला. आक्काच्या जागेवर नवसी. तिने आमच्याकडे न बघता पदर सारखा केला. टेंपो गेला.
आक्का माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फियाटच्या बॉनेटवर पाटी ठेवली आणि हाक दिली. अर्ध्या तासात शिरगावच्या बायका गोळा. तीनपर्यंत सगळी मासळी संपली. खानावळवाल्याने दुसरीकडून घेतली. उद्यापासूनही तिकडूनच घेणार, असा निरोप संध्याकाळी आला.
आक्काचं गिऱ्हाईक गेलं. आक्काची जागा गेली. माझ्यामुळे. हे इथेच लिहितो, बाहेर कुठे म्हणवत नाही.

२५ नोव्हेंबर, रविवार
बॅटऱ्या गेल्या. तांत्रिक कारण: मीठ. नव्या घेतल्या की गाडी पूर्ववत. गाडी शिरगावातच.
एसटीत मासळी घेत नाहीत. आक्का सातपाटीहून डोक्यावर पाटी घेऊन चालत शिरगावपर्यंत येते, चिंचेखाली विकते. त्या गुडघ्यांवर. आनंदीने सांगितलं. आक्का सांगणार नाही.

२ डिसेंबर, रविवार
कमलाकांतकडे गेलो. जागा परत दे म्हटलं. पेट्रोलविरुद्ध मी पूर्वी जे बोललो, ते सगळं त्याला पाठ आहे. एकेक म्हणून दाखवलं. मान खाली घालून ऐकलं. शेवटी म्हणाला, नवशीला इचारा. नवसी म्हणाली, जमनाबाय मागंल तर आत्ता उठते. मी आक्काकडे धावत गेलो. आक्का म्हणाली, नको. तिला पन लेकरं हायत.

९ डिसेंबर, रविवार
गाडी ओढून आणायला शिरगावला. कमलाकांतचाच टेंपो, पेट्रोल भरून. दोर बांधायला वाकलो तर आक्का म्हणाली, हात लावू नको.
आत बघितलं. मागच्या सीटवर आक्का पाय पसरून. डिकीत पाट्या. मांजरांना शिरता येत नाही. काच लावली की माशा नाहीत. आता रोज कमलाकांत जाता जाता तिची पाटी फुकट आणून टाकतो, ती मागून चालत येते. शिरगाव, केळवा रोड, कुठून कुठून बायका येतात. फक्त बर्फाला जागा नाही, तेवढ्या बॅटऱ्या काढ म्हणाली.
म्हटलं, नव्या बसवल्या की पुन्हा पालघर...
म्हणाली, रामू, गाडी चांगली हाय. जागची हालत नाय, लय सेफ हाय.
बॅटऱ्या काढल्या. सहा. एकट्याने. कमलाकांत मदतीला आला, त्याला नको म्हटलं. डोळ्यांत पाणी होतं. ॲसिडमुळे नव्हे.
मग विचारलंच. भरतीचं तुला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. माझं साडेसहा टिकायचं नाही, हेही ठाऊक होतं. मग टेंपोतली जागा का सोडलीस?
आक्का पापलेट उलटं करून कल्ला बघत होती. म्हणाली, कंपनीत लागल्यापासून आज सतरा वर्सं झाली. मला न्यायला तू पयल्यांदाच येतो म्हणालास. नाय कशी म्हनू?
मी बाहीने डोळे पुसले. तिने सुरी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, रडू नको, बोंबील साफ कर, गिऱ्हाईक उभं हाय.